माल आणि बारदान

धान्याच्या बाजारांत ‘माल’ आणि ‘बारदान’ हे दोन शब्द शेजारीं शेजारीं नांदतात. पोतें कांट्यावर चढतें तेव्हां वजन दोहोंचें एकदम होतें. परंतु हिशेबाच्या वेळीं बारदानाचें वजन वजा करून निव्वळ मालाचे पैसे धरावे लागतात. हमालास पोत्याचें तोंड नीट शिवलेलें आहे कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें असतें. आंत तूर आहे कीं सोयाबीन, याच्याशीं त्याच्या पाठीला कर्तव्य नसतें. उलट, घेणारास कर्तव्य असतें तें आंतल्या दाण्याशीं. एकाच वस्तूकडे दोघे दोन दृष्टींनीं पाहतात, आणि दोघांचेंहि काम न अडवितां माल पोंचता करणें हेंच बांधणीचें प्रयोजन होय.

हा विचार येथें मांडण्याचें कारण असें कीं, लातूर आणि नांदेड येथील मोंढ्यांतून माल जसा बाहेर जातो, तशीं त्या मालाविषयींचीं कागदपत्रेंहि आतां संगणकाच्या द्वारें बाहेर जातात. एका पेढीचा संगणक दुसऱ्या पेढीच्या किंवा सरकारी नोंदणीस्थानाच्या संगणकास परस्पर संदेश पाठवितो; मधें माणसाचा हात लागत नाहीं. या संदेशांतहि माल आणि बारदान असतें. बिल, मागणीपत्र, तपासणीचा दाखला हा माल. त्याच्याभोंवतीं पाठविणाराचें नांव, घेणाराचें नांव, क्रमांक, शिक्का इत्यादि जें असतें तें बारदान. इंग्रजींत या मालास पेलोड असा शब्द आहे. तो कसा बांधावा, हा प्रश्न वरवर पाहतां संगणकतज्ज्ञांचा दिसतो. परंतु ज्या एकत्र कुटुंबांत थोरले बंधु अडतीवर बसतात, मधले वकिली करितात आणि धाकटे पुण्यास संगणकाच्या कचेरींत आहेत, त्या कुटुंबाची मीठभाकर या बांधणीवर किती अवलंबून आहे हें पाहिलें म्हणजे, हा प्रश्न घरांतलाच आहे असें दिसून येईल.

आधीं एक जुनी गोष्ट पाहूं. लातुरास आगगाडी आली ती १९११ सालीं. ती बार्शी लाइट रेल्वे कंपनीची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवणारी लहान गाडी. या कंपनीचा कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतचा पहिला मार्ग १८९७ त सुरू झाला होता. कुर्डुवाडीस मात्र जी. आय. पी. रेल्वेचा साडेपांच फुटी रुंद मार्ग. तेव्हां लातूरचा माल मुंबईस जावयाचा तर कुर्डुवाडीस एका गाडीच्या डब्यांतून उतरवून दुसऱ्या गाडीच्या डब्यांत चढवावा लागे. नांदेडची व्यवस्था निराळी, पण अडचण तीच. तेथें निजामाच्या राज्यांतील गोदावरी खोऱ्याचा मीटर मार्ग, आणि मनमाडास पुन्हां रुंद मार्ग. म्हणजे मराठवाड्यांतील दोन बाजारपेठा, तीन रुंदींचे रूळ, आणि मुंबईच्या वाटेवर ज्याचा त्याचा एक सांधा.

अशा सांध्यावर कोणता माल सुखरूप राहील, हें सांगावयास फारशी विद्या नको. जो पोत्यांत शिवलेला आहे, ज्याच्यावर धन्याची खूण आहे, आणि ज्याच्या नगांची संख्या बिल्टींत लिहिलेली आहे, तो राहील. तेंच धान्य डब्यांत सुटें ओतलें तर सांध्यावर कांहीं सांडेल, कांहीं दुसऱ्याच्या धान्यांत मिसळेल, आणि मुंबईस पोंचल्यावर कमी भरलें तर तें कोणाच्या हातून गेलें याचा पत्ता लागणार नाहीं. रूळ बदलले तरी पोतें बदलूं नये, आणि पोतें उसवल्यावांचून तें मोजतां यावें, हा त्यांतला धडा.

लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणचे रूळ आतां रुंद मार्गाचे झाले आहेत. परंतु संगणकांचे रूळ अद्याप एका रुंदीचे झालेले नाहींत. डाळगिरणीचा हिशेब एका सांच्यानें चालतो, हैदराबादच्या घाऊक व्यापाऱ्याचा दुसऱ्यानें, बँकेचा तिसऱ्यानें आणि सरकारचा चौथ्यानें. त्या प्रत्येक सांध्यावर कुर्डुवाडीचा प्रसंग उभा राहतो.

या सांध्यांचा विचार जगांत गेल्या शतकाच्या अखेरीस नेटानें सुरू झाला. १९९८ सालीं एक्सएमएल नांवाची लेखनपद्धति ठरली. तींत प्रत्येक बाबीच्या मागेंपुढें तिच्या नांवाची खूण घालितात. त्यामुळें ‘ही रक्कम’, ‘ही तारीख’, ‘हें गिऱ्हाइकाचें नांव’ असें यंत्रास ओळखतां येतें. २००० सालीं सोप नांवाचा संदेशाचा सांचा प्रसिद्ध झाला. त्याची रचना आपल्या टपालासारखीच आहे: बाहेर एक लिफाफा, लिफाफ्यांत वाहकांसाठीं एक शिरोभाग, आणि घेणारासाठीं एक मुख्य भाग. सांचा ठरला, परंतु खरा माल त्यांत कोठें व कसा ठेवावा, यावर तीन मार्ग निघाले, आणि त्या तिन्ही मार्गांचे गुणदोष समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला मार्ग सरळ. बिलाचा मजकूर त्याच लेखनपद्धतींत लिहावा आणि मुख्य भागांत जसाच्या तसा ठेवावा. बिल लहान असेल, तर हें उत्तम. परंतु लिफाफा आणि मजकूर एकाच लिपींत, एकाच कागदावर आल्यामुळें, लिफाफा वाचूं पाहणाऱ्या यंत्रास बहुधा सगळेंच वाचीत जावें लागतें. मजकुरांतील एकादी खूण अर्धवट राहिली तर लिफाफाहि वाचतां येत नाहीं. शिवाय मधल्या एकाद्या संगणकानें नीटनेटकेपणाच्या हौसेनें दोन शब्दांमधील मोकळी जागा कमी केली, तरी अडचण होते. यांत्रिक सही अक्षरांवरून गणित करून काढलेली असते. तेथें मोकळी जागा हेंहि एक अक्षरच. अर्थ तोच राहूनहि सही जुळत नाहीं, आणि घेणारा प्रामाणिक बिलास खोटें म्हणूं लागतो. यावर उपाय म्हणून सहीपूर्वीं मजकूर एका ठराविक रूपांत आणण्याचे नियम पुढें करावे लागले. सुट्या धान्याची अडचण ती हीच.

दुसरा मार्ग असा कीं, माल कोणताहि असो, चित्र असो, छापील दाखला असो, कीं गुप्तलिपींत बंद केलेलें पत्र असो, तो आधीं ६४ साध्या चिन्हांच्या मजकुरांत उतरवावा. या रीतीस बेस-६४ म्हणतात. मग तो कोठल्याहि लिफाफ्यांत निर्धास्तपणें घालतां येतो, कारण त्यांत लिफाफ्यास बाधेल असें एकहि चिन्ह उरत नाहीं. यास किंमत पडते ती वजनाची. मूळच्या तीन घटकांचीं चार चिन्हें होतात. म्हणजे माल एकतृतीयांशानें फुगतो. तीन हजारांच्या जागीं चार हजार लागले तर कोणी मनावर घेणार नाहीं. परंतु प्रयोगशाळेच्या तपासणीचीं चित्रें शेंकडों बिलांबरोबर रोज जाऊं लागलीं, म्हणजे हें बारदान जड होतें.

तिसरा मार्ग पार्सलाचा. लिफाफ्यांत पत्र व यादी ठेवावी, आणि माल निराळ्या गांठोड्यांत बांधून त्याच खेपेंत शेजारीं ठेवावा. प्रत्येक गांठोड्यास एक खूण असावी, आणि यादींत ‘अमुक खुणेच्या गांठोड्यांत अमुक वस्तु’ असें लिहावें. दिवाळीचा फराळ नांदेडहून पुण्यास लेकीकडे पाठवितांना आपल्या घरच्या बायका दुसरें काय करितात? चकल्यांचा डबा निराळा, लाडवांचा निराळा, तुपाची बरणी निराळी, आणि वरच्या चिठ्ठींत सगळ्यांची मोजदाद. चिठ्ठी वाचण्यासाठीं लाडू फोडावे लागत नाहींत. सोपच्या संदेशास अशीं गांठोडीं जोडण्याची रीत २००० च्या डिसेंबरांत लिहून प्रसिद्ध झाली. संयुक्त राष्ट्रांची व्यापारसुलभतेची संस्था आणि ओएसिस ही मंडळी यांनीं १९९९ त ईबीएक्सएमएल या नांवानें पेढ्यापेढ्यांमधील संदेशांचा जो उपक्रम आरंभिला, त्यांतहि व्यापारी मजकूर अशा निराळ्या गांठोड्यांत ठेवून मुख्य भागांत यादी देण्याची रीत स्वीकारली गेली. पुढें २००५ त दोहोंचा मेळ घालणारी आणखी एक पद्धत निघाली; तींत कागदोपत्रीं माल लिफाफ्यांतच आहे असें समजतात, पण वाहतुकीपुरता तो बाहेर निराळा ठेवितात.

यांपैकीं खरा मार्ग कोणता, असा प्रश्न केल्यास उत्तर मालावर अवलंबून आहे. लातूरकरांस याचा एक दाखला स्वतःच्या तहानेंतून मिळालेला आहे. २०१६ च्या दुष्काळांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आलें. १२ एप्रिल रोजीं पोंचलेल्या पहिल्या गाडीस १० टांक्या होत्या व प्रत्येक टांकींत सुमारें ५०,००० लिटर पाणी होतें. रूळ तेच, गाडी ओढण्याची रीत तीच; परंतु पाणी पोत्यांत भरतां येत नाहीं, आणि तेलाच्या टांकींतून आलेलें पाणी पितां येत नाहीं. म्हणून राजस्थानांतील कोटा येथें टांक्या वाफेनें स्वच्छ करून मग त्या पाण्यासाठीं लाविल्या. वाहन एक असलें तरी पात्र मालास शोभेसें पाहिजे. चार ओळींच्या बिलास मुख्य भाग पुरे; गुप्तलिपींतील पत्रास चिन्हांचें आवरण; आणि मोठ्या दाखल्यास निराळें गांठोडें.

मात्र मार्ग कोणताहि असो, तीन गोष्टी कोठेंहि सुटत नाहींत. वाहकाचें काम बाहेरच्या लेखावरून भागावें. माल वाटेंत कोणीं बदलला तर तें उघड व्हावें. आणि एकच माल दोनदां पोंचला तर दोनदां जमा होऊं नये. या तिन्ही गोष्टी आपल्या पेढ्यांस नव्या नाहींत. जुन्या सावकारी हुंडीकडे पाहा. रक्कम आंकड्यांत, पुन्हां अक्षरांत, आणि शिवाय निमे रक्कम सांगून तिची दुप्पट, अशा तऱ्हेनें ती लिहीत. हजाराचे दहा हजार करूं पाहणाऱ्या भामट्यास एक शून्य वाढवून भागत नसे; निमे पांचशें त्याला आड येत. वेदपाठशाळेंत जटा व घन म्हणणारांस हें तत्त्व सांगावयास नको. पदें उलटसुलट गुंफून म्हटलीं म्हणजे एक अक्षर गळलें तरी कानास खटकतें.

हुंडी वाटेंत हरवली तर काय? तर ‘पेठ’ लिहून देत, पेठहि गहाळ झाल्यास ‘परपेठ’, आणि त्यापुढें ‘मेजरनामा’. प्रत्येक पुढच्या कागदांत मागच्याचा उल्लेख असे, आणि आधींच्यावर पैसे दिले नसतील तरच यावर द्यावे, असा त्याचा भाव असे. पैसे चुकते झाले कीं मूळ हुंडीचा ‘खोका’ होई. तिच्यांत जीव राहत नसे. संगणकांच्या संदेशांतहि पोंच न मिळाल्यास तोच संदेश पुन्हां पाठवावा लागतो. मूळ संदेश पोंचलाच नाहीं, कीं पोंचून त्याची पोंचपावती मात्र हरवली, हें पाठविणारास कळत नाहीं. म्हणून प्रत्येक संदेशास एक क्रमांक देतात, आणि त्या क्रमांकाचा माल आधीं आला असेल तर घेणारा तो पुन्हां जमा करीत नाहीं. पेठ व परपेठ ज्या आजोबांनीं लिहिल्या, त्यांच्या नातवास हें नवें शास्त्र म्हणून शिकविण्यांत येतें, यांत थोडी मौज आहे खरी.

आतां आजच्या व्यवहाराकडे येऊं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला, आणि १ एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांहून अधिक किंमतीचा करपात्र माल एका राज्यांतून दुसऱ्यांत नेतांना ई-वे बिल सक्तीचें झालें. या ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पहिल्यांत माल, किंमत, देणारा व घेणारा. दुसऱ्यांत गाडीचा क्रमांक. समजा, लातूरच्या एका गिरणीनें तूरडाळीचीं २० किलोंचीं ५०० पाकिटें हैदराबादेस धाडलीं, आणि जहीराबादजवळ ट्रक मोडला. दुसरा ट्रक आणून दुसऱ्या भागांत त्याचा क्रमांक घातला कीं काम भागतें. पहिल्या भागास हात लावावा लागत नाहीं, आणि लावितांहि येत नाहीं. माल आणि बारदान निराळें ठेवण्याचा हा साक्षात् लाभ. ते दोन्ही भाग एकांत एक कालविले असते, तर एक टायर फुटल्यानें सगळा कागद नव्यानें करावा लागला असता, आणि त्या सबबीवर किंमत व वजन बदलण्यासहि वाट मिळाली असती.

बिलाची कथा याहून सूक्ष्म आहे. पेढीनें पेढीस दिलेलें करपात्र बिल सरकारी नोंदणीस्थानीं नोंदविण्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजीं ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांपासून सुरू झाली, आणि पायरीपायरीनें खालीं येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांपर्यंत पोंचली. म्हणजे जी रीत आधीं फक्त मोठमोठ्या कारखान्यांची होती, ती मध्यम डाळगिरणीच्या दारांत आली. पेढीचा संगणक बिल जेसन नांवाच्या सुटसुटीत लेखनपद्धतींत, ठरवून दिलेल्या नमुन्यांत लिहितो. पाठविणाऱ्याची ओळख संदेशाच्या शिरोभागांत असते. बिल मात्र त्या बैठकीपुरत्या किल्लीनें गुप्तलिपींत बंद करून, मग बेस-६४ च्या चिन्हांत उतरवून आंत ठेवितात. म्हणजे वर सांगितलेला दुसरा मार्ग. नोंदणीस्थान तें उघडून तपासतें, देणाराचा नोंदणी क्रमांक, कागदाचा प्रकार, कागदाचा क्रमांक व आर्थिक वर्ष या चार गोष्टींवरून ६४ चिन्हांचा एक नोंदक्रमांक काढतें, सगळ्या बिलावर यांत्रिक सही करितें, आणि चौकोनी ठिपक्यांच्या संकेतचित्रासह तें परत धाडतें. त्या चार गोष्टी त्याच असतील तर क्रमांकहि तोच निघतो. म्हणून एकच बिल दोनदां नोंदवूं गेल्यास यंत्र तें नाकारतें. परपेठेचें काम येथें गणितानें केलें आहे. चुकलेलें बिल नोंदणीस्थानीं रद्द करावयाचें तर २४ तासांच्या आंत.

येथवर बारदानाची तारीफ झाली. आतां मालाविषयीं दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. बांधणी निर्दोष असूनहि माल संदिग्ध असूं शकतो. वरील ५०० पाकिटांचें वजन १०,००० किलो. हिशेबाच्या सोयीसाठीं भाव किलोस १०० रुपये धरल्यास किंमत १० लाख, आणि १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या बांधीव, नांवनिशीच्या पाकिटांतील डाळीस लागूं झालेल्या ५ टक्के दरानें कर ५०,००० रुपये. बिलांत परिमाणाच्या जागीं कोणी ‘५०० पिशव्या’ लिहील, कोणी ‘१०,००० किलो’. दोन्ही खरीं. पण हैदराबादच्या संगणकानें ५०० हा आंकडा किलो म्हणून वाचला, तर त्याच्या गोदामवहींत ९,५०० किलो डाळ अधिक निघेल, मुनीम बिल रोखून धरील, आणि गिरणीचे १० लाख त्या एका शब्दापायीं अडकून पडतील. त्या १० लाखांत शेतकऱ्यांच्या तुरीचे पैसे आहेत, हमालांची हमाली आहे, आणि घरांतल्या मुलांच्या शिक्षणाचे हप्ते आहेत. म्हणून दोन पेढ्यांनीं व्यवहारास आरंभ करण्यापूर्वींच कोणतें परिमाण लिहावयाचें, हें आपसांत कागदावर ठरवून ठेवावें.

दुसरी गोष्ट लिपीची. संगणकांत ‘लातूर’ या शब्दाचीं पांच चिन्हें होतात, आणि हल्लीं सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या रीतींत मराठीचें प्रत्येक चिन्ह तीन घटकांत लिहितात. म्हणजे एवढ्याशा नांवास पंधरा घटक. गांठोड्यावर ‘आंतील लेखन अमुक रीतीचें’ अशी चिठ्ठी नसेल, तर घेणारा संगणक त्या पंधरा घटकांचीं पंधरा भलतींच अक्षरें करून दाखवितो, आणि पत्ता वाचतां येत नाहीं. पुष्कळ पेढ्या या भीतीनें मराठी नांवें इंग्रजी अक्षरांतच लिहितात. तसें करण्याचें कारण नाहीं. चिठ्ठी नीट लावली तर मराठी मजकूर जगाच्या पाठीवर कोठेंहि अभंग पोंचतो.

परंतु आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती घराघरांत विचार करण्याजोगी आहे. बांधणीचें काम बहुतेक पेढ्या दुसऱ्याकडून करवून घेतात. तें योग्यच आहे. पोतीं आपण घरीं विणीत नाहीं. तथापि बारदान परक्याचें झालें म्हणून माल परक्याचा होऊं देतां कामा नये. कायद्यानें हिशेबाचीं कागदपत्रें वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावीं लागतात, आणि ती जबाबदारी पेढीची आहे, बांधणाराची नाहीं. सेवा पुरविणाऱ्या कंपनीशीं उद्यां वाद झाला, तिचा करार संपला, किंवा तिनें दुकान बंद केलें, तर सही होऊन आलेलीं बिलें कोणाजवळ आहेत? पुष्कळ ठिकाणीं उत्तर मिळतें कीं, ‘त्यांच्या संगणकांत असतील.’ हें उत्तर आपल्या वाडवडिलांनीं कोणत्याहि मुनिमाकडून ऐकून घेतलें नसतें. मुनीम बदलत, पण चोपड्या धन्याच्या कपाटांत राहत. कागदावर छापून ठेविलेल्या बिलानेंहि हें काम पुरतें होत नाहीं. कारण यांत्रिक सही सबंध अक्षरमजकुरावर असते आणि छापील प्रतींतून तो मजकूर जसाच्या तसा परत मिळत नाहीं. तेव्हां नोंदणीस्थानाहून परत आलेला सहीचा मूळ मजकूर, अक्षरहि न बदलतां, दोन निराळ्या ठिकाणीं जपून ठेवणें हाच मार्ग.

यासाठीं पैसा फार लागत नाहीं. लागतो तो घरांतील दोन पिढ्यांचा मेळ. आमच्या पाहण्यांत असें येतें कीं, वडील मंडळी ‘हें यंत्राचें काम, आम्हांस काय कळणार?’ म्हणून दूर होतात, आणि तरुण मंडळी जमाखर्चास जुनाट समजून त्याकडे पाठ फिरवितात. वस्तुतः दोघांच्याहि हातीं अर्धीं अर्धीं विद्या आहे. बिलांत काय असावें, कोणती खोडी कोठें निघते, कोणत्या गिऱ्हाइकाशीं कोणत्या परिमाणानें बोलावें, हें काका जाणतात. तें बांधावें कसें, उघडावें कसें, सही जुळते कीं नाहीं हें कसें पाहावें, तें पुतण्या जाणतो. महिन्यांतून एक रविवार दुपारीं दोघांनीं शेजारीं बसावें. त्या महिन्याचीं पांच बिलें मूळ मजकुरांतून उघडून वाचावीं. नांव, क्रमांक, परिमाण, रक्कम व कर हीं रोजकिर्दीशीं ताडून पाहावीं. आणि सहीचा मजकूर घरच्या दोन ठिकाणीं आहे याची खात्री करावी. घरांतील सुनांपैकीं कोणी वाणिज्याची पदवीधर असेल तर हें काम तिच्याकडेच सोंपवावें. पुष्कळ घरीं तें अधिक नेटकें होईल.

सेवा पुरविणाऱ्यासहि तीन प्रश्न आधींच विचारून घ्यावे. आमचीं सहीचीं बिलें आम्हांस मूळ रूपांत, मागूं तेव्हां मिळतील काय? पोंच न आल्यास तुमचें यंत्र तोच संदेश त्याच क्रमांकानें पुन्हां पाठवितें, कीं नव्या क्रमांकानें? आणि आमचा मजकूर वाटेंत कोण उघडूं शकतें? ज्यास या प्रश्नांचीं उत्तरें सरळ देतां येतात, त्याच्या हातीं आपलें गांठोडें द्यावें. ज्यास देतां येत नाहींत, त्याचा दर कितीहि स्वस्त असो, तेथें दुसरें दुकान पाहिलेलें बरें. लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. एक रस्ता बंद निघाला म्हणून कोणी तेथें माल आणावयाचा थांबत नाहीं.